घासाचा हिशेब

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आलें. पत्र जेमतेम चार ओळींचें होतें. परंतु तें वाचून मी पुष्कळ वेळ तशीच बसून राहिलें. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची कन्या आज एकेचाळीस वर्षांची असून जन्मापासून मतिमंद आहे. पत्नी दोन वर्षांपूर्वीं निवर्तली. मुलगा व सून परगांवीं असतात. दोघेंही सुस्वभावी आहेत, पण दोघांनाही नोकरी आहे. "मुलीस एखाद्या चांगल्या खाजगी वसतिगृहांत ठेवावें असें मनांत येतें," एवढें लिहून त्यांनीं पुढें विचारलें आहे, "परंतु चांगलें म्हणजे कसें? आणि तें ओळखावें कशावरून?"

या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देतां आलें असतें, तर मी तें त्याच दिवशीं उलट टपालीं पाठविलें असतें. परंतु याच प्रश्नानें चार वर्षांपूर्वीं आमच्या घराची झोंप उडविली होती, आणि त्या वेळीं आम्हीं जें उत्तर काढलें तें सपशेल चुकलें होतें. म्हणून या खेपेस सदराचीं पानें याच विषयास द्यावयाचें ठरविलें. घरची गोष्ट चारचौघांत सांगूं नये, असें आपल्याकडे मोठ्यांचें वळण आहे. परंतु वाटेंत आपल्याला ठेंच लागली असतां मागून येणारास 'जपून' म्हणून सांगणें, हें त्याहूनही जुनें वळण आहे.

आपल्या मोठ्या घरांतून असें एखादें माणूस पूर्वींही असे. कोणाचे अबोल काका, कोणाची कधींच न उजविलेली आत्या, माजघराच्या खिडकींत दिवसभर बसून राहणारा कोणाचा भाऊ. त्यांच्याविषयीं फारसें बोललें जात नसे. घर भरलेलें असे, त्यामुळें त्यांचें पान कोणी ना कोणी वाढी. मात्र हा 'कोणी' म्हणजे नक्की कोण, याचा विचार करण्याची घरांतील पुरुषांस गरज पडत नसे. आज घरें लहान झालीं, मुलें दूर गेलीं, सुना-लेकी नोकरीस लागल्या. शिवाय औषधोपचार सुधारल्यामुळें, जीं मुलें पूर्वीं बहुधा आईबापांच्या डोळ्यांदेखत जात, तीं आतां पन्नाशी-साठी गांठतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु तिच्या पाठोपाठ 'आमच्यामागें याचें कोण?' हा प्रश्नही घरांत येऊन बसतो. ज्यांस पूर्वीं अपंग म्हणत व आतां दिव्यांग म्हणतात, अशा २ कोटी ६८ लक्ष व्यक्ति २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत मोजल्या गेल्या. खाजगी वसतिगृहें निघालीं तीं या गरजेपोटीं. त्यांना सरसकट नांवें ठेवावीं म्हणून मी लिहीत नाहीं. मनोभावें काम चालतें अशीं ठिकाणें मीं स्वतः पाहिलीं आहेत. प्रश्न आहे तो चांगलें आणि नुसतें चांगलें दिसणारें यांतला फरक ओळखण्याचा.

आमचे धाकटे भावजी सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकारानें जन्मतः अधू आहेत. हातपाय ताठ, बोलणें अस्फुट. समज मात्र पूर्ण शाबूत. क्रिकेटच्या जुन्या सामन्यांचे धांवफलक त्यांना तोंडपाठ आहेत. जेवण त्यांना भरवावें लागतें. सासूबाई गेल्यापासून हें काम आमच्या मोठ्या जाऊबाई करीत आल्या होत्या. एक दोन नव्हे, सव्वीस वर्षें. चार वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्या पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत घराची जी त्रेधा उडाली ती काय सांगावी! सात माणसांचें घर, पण भावजींना जेवूं घालणें एकालाही येईना. मीं घास दिला कीं ते ठसकत; पुतण्यानें दिला कीं घास ओठांतून बाहेर येई. अखेर बैठक बसली आणि खाजगी वसतिगृहाचा विचार ठरला.

आमचे हे व मोठे भावजी यांनीं तीन ठिकाणें पाहून एक पसंत केलें. शहराबाहेर मोकळ्या हवेंत चार मजली इमारत, वर जाण्यास उद्वाहन, दाराशींच गणपतीची सुरेख मूर्ति, फरशी इतकी लख्ख कीं तींत आपलें तोंड दिसावें. दर खोलींत कॅमेरा. दरमहा २८ हजार रुपये. भेटीची वेळ रविवारीं दुपारीं चार ते सहा, आधीं दूरध्वनि करून. पहिल्या रविवारीं गेलों तेव्हां सर्व मंडळी न्हालेलीं, कपाळाला गंध लावलेलें, अंगांत पांढरे सदरे, आणि पेटीवर भजन चाललेलें. आम्ही समाधानानें परतलों. घरीं येऊन देवापुढें साखर ठेवली.

दुसऱ्या महिन्यांत भावजींच्या अंगांतला सदरा सैल दिसला. पाहूं लागलें तों तो त्यांचा नव्हताच. "धुलाईंत कपड्यांची अदलाबदल होते," असें व्यवस्थापक हसून म्हणाले. तिसऱ्या महिन्यांत मीं त्यांचें मनगट हातांत घेतलें आणि चरकलें. गालफडें बसलीं होतीं. "जेवण आवडतं ना?" म्हणून विचारलें, तर त्यांनीं एकदां दाराशीं उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलें व डोळे मिटून घेतले. घरीं येऊन मीं हें जाऊबाईंच्या कानीं घातलें. त्या तेव्हां वॉकरच्या आधारानें नुकत्याच चार पावलें टाकूं लागल्या होत्या. क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, "आपण रविवारीं चारला कशाला जातो ग? तो काय चारला जेवतो?"

इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या घरांत हा प्रश्न तीन महिने कोणासही सुचला नव्हता.

मंगळवारीं, कोणास न कळवितां, दुपारीं साडेबाराला आम्ही दोघी तेथें पोंचलों. फाटकावरच्या माणसानें अडविलें. "मी त्याची वहिनी. उभं राहवत नाहीं रे बाबा, आंत टेकतें," असें म्हणत जाऊबाई पुढें चालूं लागल्या, वॉकरवर चालणाऱ्या म्हातारीला धक्का देऊन थांबविण्याचें धैर्य त्या बिचाऱ्यास झालें नाहीं. दुसऱ्या मजल्यावरील दालनांत अकरा माणसें होतीं आणि त्यांना भरविण्यास एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी. दुसरी रजेवर होती; तिसरीला खालीं कपड्यांच्या कामास लावलें होतें. वरण, भात, भाजी सर्व एकत्र कालवून पातळ केलेलें, आणि एकच चमचा या तोंडांतून त्या तोंडांत फिरत होता. भावजी खाटेवर आडवे निजलेले. पहिला घास घशांत अडकून डोळ्यांत पाणी आलेलें, तोंच दुसरा घास ओठांशीं तयार.

माझे हातपाय कांपूं लागले. जाऊबाई मात्र एक शब्द अधिक-उणा बोलल्या नाहींत. मुलीच्या मदतीनें त्यांनीं भावजींना उठवून बसविलें, पाठीशीं उशी दिली, हनुवटी किंचित् खालीं आणली, आणि चमचा स्वतःच्या हातीं घेतला. "घास लहान घ्यायचा. गिळला का तें तोंडाकडे बघून कळत नाहीं, गळ्याकडे बघायचं. गळा हलला कीं मग दुसरा." बावीस मिनिटें लागलीं. भावजींनीं वाटी संपविली. ती मुलगी बाजूस उभी राहून सर्व पाहात होती. शेवटीं हळूच म्हणाली, "आजी, असं भरवायचं असतं हें मला कुणी सांगितलंच नाहीं. पण सांगितलं असतं तरी काय केलं असतं मी? एकेकाला एवढा वेळ दिला तर बाकीचे दहा जण कधीं जेवणार? दीड वाजतां ताटं खालीं गेलीं पाहिजेत."

त्या मुलीवर तोंडसुख घ्यावयाचें, असें मनाशीं ठरवूनच मी गेलें होतें. पण तें सारें जागच्या जागीं थिजलें. रात्रीं पाठकोऱ्या कागदावर मीं हिशेब मांडला. अशा माणसास नीट भरवावयास वीस मिनिटें लागतात. अकरा माणसांस २२० मिनिटें, म्हणजे ३ तास ४० मिनिटें, आणि तींही एकाच जेवणास. सकाळची न्याहारी व दोन्ही वेळचीं जेवणें धरलीं, तर दिवसाचे ११ तास केवळ भरविण्यांतच जावयाचे. तासाभरांत तेंच काम उरकावयाचें म्हणजे किमान चार माणसें हवींत. ती मुलगी एकटी होती. तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यास जेमतेम साडेपांच मिनिटें येत होतीं. तेवढ्या वेळांत घास गिळला जात नाहीं, ढकलावा लागतो. आणि माणूस आडवें असलें कीं तो लवकर ढकलला जातो. असा ढकललेला घास अन्ननलिका सोडून श्वासनलिकेंत उतरतो व फुप्फुसांस सूज येते. ज्यांना गिळण्यास त्रास होतो अशांच्या मृत्यूचें हें एक मोठें कारण आहे. निर्दयपणा त्या मुलीच्या मनांत नव्हता. मालकानें जे पैसे माणसांवर खर्चावयाचे ते संगमरवरावर खर्चले होते, एवढाच त्याचा अर्थ.

तोच कागद उलटून मीं दुसराही एक हिशेब केला, आणि तो मांडतांना मला आमची शरम वाटली. वीस मिनिटें तीन वेळां म्हणजे दिवसाचा एक तास. जाऊबाईंचीं सव्वीस वर्षें म्हणजे साडेनऊ हजारांच्या घरांत तास झाले. ते आमच्यापैकीं कोणींही कधीं मोजले नव्हते. लोकांच्या पोटच्या मुलीकडून, महिन्याच्या तुटपुंज्या पगारांत, जें कसब आम्ही अपेक्षीत होतों, तें आमच्या घरांत एकाच माणसापाशीं होतें. आणि तें तिला विचारून शिकून घ्यावें, अशी बुद्धि आम्हां सहा जणांपैकीं एकालाही झाली नव्हती.

कोणी म्हणतील, एका ठिकाणच्या अनुभवावरून एवढा बोभाटा कशाला? म्हणून सर्वश्रुत अशा दोन घटनांची आठवण देतें. तामिळनाडूंत रामनाथपुरम् जिल्ह्यांत एरवाडी म्हणून गांव आहे. तेथील दर्ग्याच्या आसऱ्यानें मनोरुग्णांकरितां खाजगी आश्रयस्थानें चालत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतील एका झोंपडीवजा वसतिगृहास आग लागली. आंतील रुग्ण सांखळ्यांनीं बांधलेले होते. २८ जणांना प्राण गमवावे लागले. पुढें सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली आणि तेथील तसलीं वसतिगृहें बंद झालीं. रात्रीं जागें राहावयास माणूस नाहीं, म्हणून सांखळी. सांखळीचा उगम बहुतेक ठिकाणीं हाच असतो.

ती गरिबांची जागा, तेथें असें व्हावयाचेंच, असें वाटत असल्यास दुसरी घटना ऐकावी. इंग्लंडांत ब्रिस्टल शहराजवळ बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांकरितां 'विंटरबोर्न व्ह्यू' नांवाचें खाजगी रुग्णालय होतें. तेथें दर माणशीं दर आठवड्यास सरासरी ३,५०० पौंड आकारले जात. २०११ सालीं बीबीसीच्या वार्ताहरानें लपविलेल्या कॅमेऱ्यानें तेथील मारहाण व विटंबना जगापुढें आणली; ११ कर्मचारी दोषी ठरले व त्यांतील सहा जणांस २०१२ सालीं तुरुंगवास झाला. तेथील एका अनुभवी परिचारकानें आधींच धोक्याची सूचना दिली होती. तिच्याकडे कोणीं लक्ष दिलें नव्हतें. पुढें चौकशींत जें निष्पन्न झालें त्यांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : भेटीस येणाऱ्या नातेवाइकांना माणसें जेथें प्रत्यक्ष राहात त्या दालनांत व निजण्याच्या खोल्यांत जाऊं देत नसत. एरवाडींत दारिद्र्य होतें, ब्रिस्टलांत पैसा होता; आंत काय चाललें आहे तें घरच्या माणसांस दिसत नव्हतें, ही गोष्ट मात्र दोहोंकडे सारखीच.

कायदे नाहींत असें नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांविषयींचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. अशी संस्था चालविण्यास त्यान्वयें नोंदणीचें प्रमाणपत्र लागतें. आपल्या ताब्यांतील दिव्यांग व्यक्तीस जाणूनबुजून अन्नपाणी न देणारास सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. छळ होत असल्याचा संशय आल्यास कोणीही मनुष्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यास, म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदारास, कळवूं शकतो. त्यासाठीं नातेवाईकच असावें लागत नाहीं. मनोरुग्णांकरितां २०१७ चा निराळा कायदा आहे. सांखळीनें बांधण्यास त्यानें साफ मनाई केली आहे. इतकेंच नव्हे, तर सक्तीनें डोकें भादरूं नये, गणवेशाची सक्ति नसावी, ज्याला त्याला स्वतःचे कपडे घालतां यावेत, स्त्रियांना मासिक पाळीच्या वेळीं लागणाऱ्या वस्तु मिळाव्यात, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत लिहिल्या आहेत. त्या लिहाव्या लागल्या याचें कारण उघड आहे. हात कमी पडले कीं माणसाचें शरीरच आपल्या सोईचें करून घेण्याकडे कल होतो. उवा नकोत म्हणून केस काढले, आरडाओरड नको म्हणून गुंगीचें औषध दिलें. १९९४ सालीं पुणें जिल्ह्यांतील शिरूर येथील सरकारी वसतिगृहांतल्या मतिमंद मुलींवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यांत आल्या. त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता राखतां येत नाहीं, हें कारण सांगण्यांत आलें. सर्वत्र गहजब उडाल्यावर त्या थांबल्या. तेव्हां हा रोग एकट्या खाजगी संस्थांचा नव्हे, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

परंतु कायद्यास मर्यादा असते. अन्न नाकारलें तर शिक्षा आहे. साडेपांच मिनिटांत उरकलेल्या जेवणास कोणतें कलम लावणार? तपासणी अधिकारी वर्षांतून एखादे वेळीं यावयाचे, आणि ते येतात त्या दिवशीं फरशी लख्खच असते. तेथें घरच्या माणसाचा डोळाच हवा.

आतां शिक्षकमहाशयांच्या प्रश्नाकडे वळतें. नोंदणीचें प्रमाणपत्र पाहावयास मागावें व त्यावरची मुदत वाचावी, हें झालें पहिलें काम. त्यानंतर इमारत पाहण्यांत वेळ घालवूं नये. सरळ जेवणाच्या वेळीं जावें. निजानीज झाल्यावर रात्रींही एकदां जाऊन यावें. 'केव्हांही या' असें म्हणणारा चालक आणि 'आमची वेळ ठरलेली आहे' असें म्हणणारा चालक, यांतच निम्मी परीक्षा होते. भरवावें लागतें अशीं माणसें किती व त्या वेळीं भरविणारे हात किती, हें विचारावें. रात्रीं जागें कोण असतें, तेंही विचारावें. काम करणाऱ्या मुलींशीं दोन शब्द बोलावें : येथें येऊन किती दिवस झाले, आठवड्याची सुटी मिळते का, काम कोणीं शिकविलें? जेथें दर दोन महिन्यांनीं माणसें बदलतात, तेथें आपल्या माणसाच्या संवयी कोणाच्याच ध्यानांत राहात नाहींत.

वजनाची वही असते का, हें अवश्य पाहावें. दरमहा वजन केलें असतें तर आमच्या भावजींचे सहा किलो उतरेपर्यंत आम्ही भजनें ऐकत बसलों नसतों. अंथरुणास खिळलेल्या माणसास साधारण दर दोन तासांनीं कूस बदलून द्यावी लागते. म्हणून माकडहाड, खुबे व टाचा येथील कातडी लाल झाली आहे काय, हें भेटीच्या वेळीं संकोच न करतां पाहावें. दांत, नखें आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या कधीं खोटें बोलत नाहींत. फेफऱ्याचें औषध एक वेळचेंही चुकतां कामा नये. तें कोण देतें आणि दिल्याची खूण कोठें करतें, हें विचारावें. एरवीं हुशार असलेलें माणूस सदोदित पेंगत असेल, तोंडांतून लाळ गळत असेल, हात कांपत असतील, तर कोणतें नवें औषध सुरू केलें आहे याची डॉक्टरांपाशीं चौकशी करावी. कपडे, फणी, दांत घासण्याचा ब्रश हीं ज्याचीं त्याला आहेत ना, हें पाहावें.

आणखी एक गोष्ट कानांनीं तपासावयाची. चाळीस वर्षांच्या माणसाला तेथें हांक कशी मारतात? 'ए, चल ऊठ' म्हणतात, कीं 'काका, उठतां ना?' म्हणतात? आपल्या भाषेनें मान देण्याची इतकी सोय करून ठेविली आहे कीं ती कोठें वापरली जाते आणि कोठें नाहीं, हें दहा मिनिटांत कळून येतें.

त्या दिवसानंतर काय झालें, असें वाचक विचारतील. आम्हीं व्यवस्थापकांस भेटून सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि ते म्हणाले, "आपल्याला पसंत नसेल तर आपण त्यांना घेऊन जाऊं शकतां." या एका वाक्यानें कित्येक घरांचीं तोंडें बंद होतात, कारण नेणार कोठें? आम्हीं इतर चार कुटुंबांस गांठून सर्वांच्या वतीनें पुन्हा भेट घेतली. जेवणाच्या वेळीं दोन बाया वाढल्या. तीन महिन्यांनीं त्यांतली एक कमी झाली. दुसरी जागा मिळेपर्यंत घरांत पाळ्या लावल्या. रोज साडेबाराला आमच्यापैकीं एक जण तेथें हजर. जाऊबाईंनीं एकेकाला समोर बसवून भरविणें शिकविलें. आमच्या ह्यांनीं त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यांत स्वतःचें पान कधीं वाढून घेतलें नव्हतें. ते धाकट्या भावाच्या गळ्याकडे टक लावून घास हातांत धरून बसत, तेव्हां हसावें कीं रडावें तें मला कळत नसे. आतां भावजी एका लहानशा ठिकाणीं आहेत. जुनी कौलारू इमारत, चौदा माणसें, आणि दुपारीं जेवूं घालावयास चार जणी. गेलेल्या सहा किलोंपैकीं पांच भरून निघाले. त्या वेळीं जडलेला खोकला मात्र अद्याप गेला नाहीं.

आपल्याकडे पालकांनींच एकत्र येऊन उभारलेलीं ठिकाणेंही आहेत. बदलापूरचें 'आधार' आणि डोंबिवलीनजीक खोणी येथील 'घरकुल' हीं पुष्कळांना ठाऊक असतील. अशा ठिकाणीं जागा मिळो वा न मिळो, चालविणारांस जाऊन भेटावें. पालकांच्या दृष्टीनें संस्था कशी पाहावी, हें त्यांच्याकडून शिकण्यासारखें आहे. शिक्षकमहाशयांनीं आणखी एक काम आपल्या हयातींतच उरकावें. मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबाप कायद्यानें आपोआप त्याचे पालक राहात नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांकरितां जिल्ह्याची स्थानिक समिति पालक नेमून देते, आणि त्या पालकास दर वर्षीं मालमत्तेचा हिशेब समितीपुढें ठेवावा लागतो. आपल्यामागें कन्येचा पैसा कोण सांभाळील आणि त्याला कोण विचारील, या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त त्यानें होतो.

मात्र या सर्वांच्या आधीं, अगदीं आजच सायंकाळीं, त्यांनीं एक कोरी वही घ्यावी. भावजींना दुसरीकडे नेतांना जाऊबाईंनीं सांगितलें व मीं लिहून घेतलें, अशी एक बत्तीस पानांची वही आमच्याकडे आहे. ते कोणत्या कुशीवर निजतात, तहान लागली कीं कोणती बोटें हलवितात, कुकरच्या शिटीस कसे दचकतात, कोणत्या औषधानें अंगावर पित्त उठलें होतें, घास केवढा असावा, आणि ते रुसले असतां कोणत्या सामन्याची गोष्ट काढावी, हें सर्व तींत आहे. तिची एक प्रत वसतिगृहांत असते; नवी बाई कामावर आली कीं तिला ती प्रथम वाचावयास देतात. शिक्षकमहाशयांच्या पत्नीपाशीं असें किती तरी असेल आणि तें तिच्याबरोबर गेलें. त्यांच्या स्वतःपाशीं जें उरलें आहे तें कागदावर उतरूं द्यावें. तीं पानें मुलानें व सुनेनेंही वाचावींत, आणि सुटींत आलीं कीं दोन घास त्यांच्याकडून भरवून घ्यावेत.

पंगतींत शेवटच्या माणसाचें जेवण आटोपेपर्यंत कोणीं उठूं नये, हा आपल्या घरांतला साधा शिरस्ता. तेवढाच वसतिगृहाच्या दालनांत पाळला जातो कीं नाहीं, हें पाहावयास आपण अधूनमधून तेथें जाऊन बसावें, यापलीकडे माझ्यापाशीं मोठें असें कांहीं सांगावयास नाहीं.

जाऊबाईंच्या वहींतील प्रकरणांची यादी पुढील महिन्यांत याच सदरांत देईन. ज्यांना उपयोग होईल त्यांनीं ती उतरून घ्यावी. आज मंगळवार, माझी पाळी. साडेअकराची बस गांठावयाची आहे, म्हणून येथेंच थांबतें.